फिल्डला निघण्याआधी घरच्यांशी बोलून घ्या

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरमधून ट्रेनिंग संपवून फिल्डला, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगला निघालेली आमच्या कुडाळ तालुक्यातली पोरं भेटायला येतात, तेव्हा हमखास विचारतात, "काका, तिकडे रेंज मिळते काय?" त्याच इन्फन्ट्रीतून पेन्शनवर आलेला माणूस म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. रेंज कधी मिळेल, कधी नाही. ती नसेल तेव्हा घरच्यांनी काय समजायचं, हे मात्र निघण्याआधीच त्यांच्या गळी उतरवून जा.

आधी सिमचं बघा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही. जम्मूच्या वेशीवरचं लखनपूर ओलांडलं की फोन नुसता घड्याळ बघायला. पोस्टपेड चालतं, म्हणून सुट्टीत असतानाच आहे तोच नंबर पोस्टपेड करून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि घरी पैसे पाठवायच्या दिवशीच ते आठवतं.

पण पोस्टपेडवरही विसंबू नका. 5 ऑगस्ट 2019 ला काश्मीरमधले फोन बंद झाले, ते पोस्टपेड मोबाइल 14 ऑक्टोबरला सुरू झाले. मधल्या काळात युनिटच्या लाइनवरून आपली पाळी आली की बोलायचं, तेही मागच्या माणसाचं लक्ष घड्याळाकडे असताना. सियाचीनसारख्या ठिकाणी सॅटेलाइट फोन. त्याचा दर 2017 च्या दिवाळीपासून मिनिटाला 5 रुपयांवरून 1 रुपयावर आला. आता उंचावरही टॉवर पोहोचलेत, पण ऑपरेशनला निघताना मोबाइल जमा करावा लागतो, तिथे टॉवर काय करणार?

म्हणून घरी स्पष्ट सांगा: "आठ दिवस फोन आला नाही तर मी कामावर आहे असं समजा. काही झालंच तर युनिटकडून कळेल, टीव्हीच्या पट्टीवरून नाही." हे आईला सांगून भागत नाही. शेजारच्या काकूला, देवळाजवळच्या दुकानदारालाही सांगा, कारण "तुमचो झील खंय आसा? काश्मीरात गोळीबार झालो म्हणे" हे विचारत पहिल्यांदा तेच येतात.

आणि गप्पगप्प व्हायला आपलं कोकणही काही कमी नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मी उत्तरेत होतो. वीज गेली, टॉवर बसले, घरातला एकही फोन लागेना. मुंबईतल्या भावालाही काही कळेना. शेवटी कणकवलीचा मावसभाऊ मोटरसायकल घेऊन, वाटेत पडलेली झाडं चुकवत वाडीत गेला आणि परत बाजारात येऊन मला फोन केला. माड गोठ्यावर पडला होता, माणसं धड होती. तेव्हापासून नव्या पोरांना सांगतो, घरचे नंबर पुरे नाहीत. एक नंबर मुंबईतल्या चाकरमान्याचा, एक तालुक्याच्या बाजारपेठेतल्या माणसाचा आणि एक वाडीत ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याचा, असे कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन जमा झाला की त्यातले नंबरही जमा होतात.

पत्राला हसू नका. फिल्डचा पत्ता म्हणजे आपला सैन्यातला नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मग द्वारा 56 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि पिन. पूर्वेकडे असाल तर 99 एपीओ. गावाचं, खिंडीचं नाव कुठेच नाही. खासगी कुरिअर तिथे पोचत नाही, पोस्टानेच पाठवायचं. हा पत्ता घरातल्या शाळकरी पोराकडून दोनदा लिहून घ्या. पार्सलात आंबा नको, वाटेतच नासेल. आंबापोळी, आमसुलं, कुळथाची पिठी चालते. सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, पाठवायचे तर डबा घट्ट बंद करायला सांगा. बराकीत उत्तरेकडचे, शाकाहारी भाऊ असतात, आणि तो वास भिंतीला चिकटतो.

तोंडाला कुलूप दोन्हीकडे हवं. "मी अमुक मेजर बोलतोय, तुमच्या मुलाची युनिट सध्या कुठे आहे?" असे फोन घरी येतात. वडिलांना उत्तर शिकवून ठेवा: "माका ठाऊक नाय, तुमी युनिटीक विचारा." जुलै 2020 मध्ये सैन्याने 89 ॲप काढून टाकायला सांगितली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. बहिणीने वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवला तर तुमच्या फोनमधून ॲप काढून काय उपयोग?

सुट्टीचं शेवटी सांगतो, कारण त्यावरूनच घरात जास्त रुसवे होतात. अग्निवीरांना वर्षाला 30 दिवस. कोकणातल्या प्रत्येकाला गणपतीतच हवी असते, आणि सगळी कंपनी काही कुडाळला सोडता येत नाही. एका वर्षी चतुर्थी, दुसऱ्या वर्षी शिमगा, असं आपसात वाटून घ्या. सुट्टी मंजूर झाली तरी गाडीत बसेपर्यंत घरी तारीख सांगू नका. रत्नागिरी आली की फोन करा. भात शिजायला तेवढा वेळ पुरतो.