‘करू दिली’ ऐकू यावं म्हणून: घरकामावर मुलाखती घेणाऱ्यांसाठी

मानसशास्त्र शिकवायचं सोडून मला तीन वर्षं झाली, तरी रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कोणी ना कोणी विद्यार्थिनी येतेच. लॅपटॉप उघडला की समोर सगळं इंग्रजी. मुलाखत मराठीत झालेली असते, पण प्रबंध इंग्रजीत द्यायचा म्हणून ऐकता ऐकताच भाषांतर उरकलेलं असतं. मी तिला चहा पाजते आणि परत पाठवते. आधी मराठीत उतरवून आण, मग बोलू. मुलींची तोंडं उतरतात. मग माझी चूक सांगावी लागते.

१९९६ साली मी बडोद्यातल्या चौदा नोकरदार मराठी बायकांच्या मुलाखती घेतल्या, कॅसेटवर. त्यातल्या एक काकू म्हणाल्या होत्या, “ह्यांनी मला नोकरी करू दिली हो. पगाराचं पाकीट तेवढं मी कधी फोडलं नाही.” मी इंग्रजीत लिहिलं, नवऱ्याच्या पाठिंब्याने त्यांनी लग्नानंतरही नोकरी चालू ठेवली. प्रबंधात ‘पाठिंबा’ नावाचं आख्खं प्रकरण झालं आणि परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं. बारा वर्षांनी, कॅसेटना बुरशी लागतेय म्हणून कॉम्प्युटरवर घेत असताना, ते वाक्य पुन्हा कानावर पडलं. करू दिली. मग बाकीच्या कॅसेट लावल्या. चौदापैकी नऊ जणींच्या तोंडी हेच क्रियापद होतं, आणि मी त्या वेळी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

प्रश्न कसा विचारायचा

घरकाम किती आणि कोण करतं, हे मोजून झालेलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचे ९७. त्यामुळे पंधरा-वीस मुलाखती घेऊन “बायका जास्त काम करतात” असा निष्कर्ष काढायचा असेल तर कष्ट वाचवा. आपल्याला पाहायचं आहे ते हे, की या २९९ मिनिटांबद्दल घरात कुठल्या शब्दांत बोललं जातं.

“तुमच्या घरी कामाची विभागणी कशी आहे?” असं विचारू नका. त्याला उत्तर येतं, “आमच्याकडे तसं काही नाही हो, सगळे मिळून करतो.” त्यापेक्षा काल काय झालं ते विचारा. काल सकाळी उठलात, पहिल्यांदा कुठे गेलात? दूध कोणी घेतलं? माझा हुकमी प्रश्न डाळीचा आहे: तूरडाळ संपत आलीय हे घरात आधी कोणाला कळतं? पुरुषांनाही हाच विचारा. एक निवृत्त गृहस्थ हे ऐकून बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “संपली की कळतं ना.” त्या एका वाक्यावर माझ्या विद्यार्थिनीने चार पानं लिहिली, आणि चांगली लिहिली.

पुढचं काढायला मराठीत “म्हणजे?” पुरतं. पण नुसतं “म्हणजे?” उलटतपासणीसारखं लागतं. “म्हणजे कसं, सांगा ना” म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हेच नव्या लोकांना जमत नाही. समोरची बाई थांबली की या लगेच दुसरा प्रश्न टाकतात. वही खाली ठेवा आणि मनात दहा आकडे मोजा.

घरात शिरल्यावर

वेळ दुपारी दोन ते चारची घ्या. ओटा आवरलेला असतो, संध्याकाळच्या चहाला अवकाश असतो. रेकॉर्डर पंख्याखाली ठेवू नका. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा व्यवस्थित रेकॉर्ड होतात, बोलणं तेवढं होत नाही. बाई मटार सोलत असेल तर मुलाखतीसाठी तिला हात धुऊन खुर्चीत बसायला लावू नका. तुम्हीही चार शेंगा घ्या. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि काही गोष्टी तशाच बोलल्या जातात.

नवरा येऊन बसतो, हे गृहीत धरा. रावपुऱ्यातल्या एका घरी मी बाईंना प्रश्न विचारत होते आणि उत्तरं काका देत होते. त्यांना हुसकायचं कसं? मी रेकॉर्डर टीपॉयवर चालू ठेवला आणि बाईंच्या मागे चहाला म्हणून आत गेले. बाईंनी आलं किसता किसता जे सांगितलं ते पुढे माझ्या लेखाचा कणा झालं. बाहेरच्या टेपवर मात्र वीस मिनिटं वर्तमानपत्राची सळसळ आणि एक शिंक. आता घोळ असा, की संमती दिली होती ती बाहेरच्या गप्पांना, ओट्यापाशी बोललेल्याला नाही. म्हणून निघताना जिन्यात विचारलं, “आतलं बोललात ते लिहू का?” “लिहा,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या त्या कागदावर माझं नाव कमल टाकलंय, ते काढा. कमल माझ्या नणंदेचं नाव.”

तेव्हापासून बदललेलं नाव मी स्वतः ठेवत नाही, त्यांनाच विचारते. या बाईंनी जरा विचार करून त्यांचं माहेरचं नाव दिलं, लग्नात तांदळात लिहून बदललेलं. मी म्हटलं, “अहो, खरं नाव कसं घालू?” तर म्हणाल्या, “बडोद्यात ते कोणाला माहितीये?” खात्री करून घेतली, खरोखर कोणालाच माहीत नव्हतं. लेखात तेच गेलं.

तसंही नुसतं नाव बदलून आपल्याकडे भागत नाही. बडोद्याचा मराठी समाज गणेशोत्सवात, लग्नात, मंडळाच्या हॉलमध्ये एकमेकांना भेटत असतो. “दांडिया बाजारात शिवणाचा क्लास चालवणाऱ्या विधवा बाई” एवढं लिहिलंत की नावाची गरजच राहत नाही. गल्लीसकट पेशा बदला, मुलांची संख्या बदला, अर्थाला धक्का लागत नसेल तिथे. संमतिपत्र मराठीत द्या, मोठ्या अक्षरात, आणि आवाजाची फाईल कुठल्या ॲपवर चढवणार असाल तर तेही त्यात लिहा.

मारहाणीचं काही निघालं तर रेकॉर्डर बंद करा, बाईला विचारून. १८१ ही महिला हेल्पलाइन वहीत आधीच लिहून न्या. त्या क्षणी तुमचा प्रबंध दुय्यम.

बायका उलट प्रश्न विचारतात. “तुमचे मिस्टर करतात का हो काही?” जुन्या पुस्तकांत अशा वेळी हसून विषय बदलायला सांगितलेलं असे. ॲन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये लिहिलं की आई होऊ घातलेल्या बायका आपल्यालाच प्रश्न विचारत होत्या आणि त्यांना उत्तर न देणं हे ना माणुसकीचं, ना उपयोगाचं. मी उत्तर देते, थोडक्यात. “चहा करतात. गॅस बंद करायचा राहतो.” मग समोरून दुप्पट येतं.

बाई असणं पुरत नाही

मी बाई, तीही बाई, म्हणजे कळेलच, या भ्रमात मी बरीच वर्षं होते. आमच्या गल्लीत माझं आडनाव ऐकून दार उघडतं. तेच आडनाव ऐकून दुसरीकडे बाई पदर सावरून उभी राहते आणि “ताई, तुम्हीच सांगा काय लिहायचं ते” म्हणते. खानदेशातून कामासाठी आलेल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एकीला मी सारखी सालावर आणत होते: लग्न कधी, मग पहिला मुलगा कधी. ती सांगत होती खोल्यांवरून. “त्या पत्र्याच्या खोलीत होतो तवा”, “नळ लांब होता त्या खोलीत”. मला वाटलं बाई भरकटतेय. कॅथरिन रीसमन यांनी १९८७ मध्ये नेमकी हीच फजिती मांडली आहे. मुलाखत घेणारी गोरी बाई काळाच्या ओळीने ऐकू बघते, पोर्तो रिकोची बाई प्रसंगाप्रसंगाने सांगते, आणि दोघी बाया असूनही गाडी रुळावर येत नाही. मी तो लेख वाचला खानदेशच्या बाईंची मुलाखत वाया घालवल्यानंतर. तुम्ही तुमची जात, वय, आडनाव, कोणाच्या ओळखीने गेलात, हे प्रत्येक मुलाखतीनंतर वहीत लिहा. त्याच दिवशी लिहा, रात्र गेली की आपण स्वतःला जरा शहाणं करून लिहितो.

उतरवून काढणं

एका तासाच्या आवाजाला माझे सहा तास जातात. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्याला देऊ नका. “हं”, हसू, “जाऊ दे”, चार सेकंदांची शांतता, सगळं ठेवा. व्याकरण सुधारू नका. आणि गुजराती आली की गुजरातीच लिहा. आमच्या बायका मराठीत बोलता बोलता मधेच “ए तो चाल्या करे” (ते चालायचंच) म्हणतात आणि परत मराठीत येतात. कुठल्या जागी भाषा बदलली तिथे खूण करा. सासरबद्दलचं कडू वाक्य गुजरातीत टाकून मोकळ्या होणाऱ्या तिघी-चौघी मला भेटल्या आहेत, जणू ते आपण बोललोच नाही. एका मुलीने हे काम ॲपला दिलं होतं. त्याने गुजराती “हा ने” (हो ना) चं “हाणे” करून ठेवलं. नवऱ्याच्या संदर्भात.

क्रियापदांवर पेन्सिल

आता मुख्य काम. छापील प्रत घ्या, रंगीत पेन्सिली घ्या, आणि पहिल्या वाचनात विषय शोधू नका, फक्त क्रियापदं अधोरेखित करा. “मी करते”, “मला करावं लागतं”, “मी करून टाकते”, “होऊन जातं”. चारही वाक्यांत पोळ्या त्याच आहेत. “स्वयंपाक होऊन जातो” म्हणणाऱ्या बाईच्या वाक्यात स्वयंपाक करणारी कोणी उरलेलीच नाही. “आपण कशाला बोला” मधल्या “आपण” मध्ये “मी” लपलेली असते, तिथे वेगळा रंग.

मग पुरुषांच्या मुलाखती घ्या. “बँकेचं मी बघतो.” “भाजी आणून देतो तिला.” या “देतो” वर मी पहिल्यांदा थबकले तेव्हा काकूंची कॅसेट आठवली. भाजी आणून दिली जाते, तिला, म्हणजे भाजी मुळात तिची जबाबदारी. आणि नोकरी करू दिली जाते, तिला, म्हणजे नोकरी मुळात त्याच्या हातातली. देणं एकच, दोन्हीकडे दाता तोच. कामाच्या वाटणीचे कितीही तक्ते केले तरी हे त्यांत सापडत नाही, कारण भाजी आणणाऱ्याच्या रकान्यात त्याची वीस मिनिटं इमानदारीने पडतात.

इंग्रजीत तुम्ही दोन्हीकडे “हेल्प” आणि “सपोर्ट” लिहाल, आणि हा धागा तुटेल. एका शब्दाने काय होतं ते बडोद्याला सांगायला नको. आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात “ऑल मेन” च्या जागी “ऑल ह्यूमन बीइंग्ज” यावं म्हणून अडून बसल्या, आणि ते आलं. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसून मी “करू दिली” चा “पाठिंबा” करत होते.

थीम म्हणजे डबा नव्हे

व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये थीमॅटिक ॲनालिसिसच्या, म्हणजे मुलाखतींतून अर्थाची सूत्रं (थीम) बांधण्याच्या, सहा पायऱ्या लिहिल्या आणि त्या इतक्या चालल्या की मुली त्या पाककृतीसारख्या पाठ करतात. वाचन, कोडिंग (वाक्यांशेजारी अर्थाच्या छोट्या खुणा लिहिणं), थीम बांधणं, तपासणं, नाव देणं, लिहिणं. क्रम ठीक आहे, मागेपुढे होतो. गोंधळ होतो तो थीममध्ये. ‘घरकाम’, ‘नोकरी’, ‘सासू’ या थीम नाहीत, ही डब्यांवरची लेबलं आहेत. त्यांत तुम्ही वाक्यं भरता आणि झाकण लावता. थीमने काहीतरी म्हणायला हवं. ‘तिची जबाबदारी, त्याचं देणं’ असं नाव दिलंत तर त्यात भाजीही बसते, नोकरीही बसते, आणि “ह्यांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही” हेही वाक्य येऊन बसतं, जे आधी तुम्ही ‘सुखी संसार’ मध्ये टाकलं होतं. “थीम आपोआप पुढे आल्या” असं तर लिहूच नका. त्या दोघींचा यावर विशेष राग आहे, आणि रास्त आहे. थीम तुम्ही बांधता, तेव्हा कशी बांधली ते सांगायची जबाबदारीही तुमची.

उलट जाणारं वाक्य शोधा. माझ्या त्या चौदांत एक होती, म्हणायची, “मी त्यांना घरातलं करू देत नाही, पसारा करतात.” इथे देणं तिच्या हातात. ही मुलाखत मला नको होती, मांडणी बिघडत होती. नंतर तिच्याचमुळे मांडणीला धार आली: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत परवानगी तिची चालत होती, बाहेर त्याची.

परीक्षक विचारतील, किती मुलाखती? बाराचा आकडा फार ठिकाणी फिरतो, २००६ च्या एका अभ्यासामुळे. तो एकसारख्या लोकांना एकसारखे प्रश्न विचारून आलेला आहे, हे सांगा. ब्राउन आणि क्लार्क तर “आता नवीन काही मिळत नाही” या कसोटीवरच शंका घेतात. मी मुलींना सांगते, दहा नीट उतरवून आणा, मग ठरवू.

भाषांतर शेवटी, आणि फक्त प्रबंधात घालायच्या वाक्यांचं. मूळ मराठी वाक्य वर, इंग्रजी खाली, आणि “दिली” साठी इंग्रजीत “लेट” असा रोखठोक शब्द, कितीही बोचला तरी. पानं फार होतात म्हणून मार्गदर्शकांनी कुरकुर केली, तर सिद्धांताचं प्रकरण कापा. माझ्या प्रबंधात ते बासष्ट पानांचं होतं, आणि काकूंचं पाकीट एका ओळीचं.