ॲनिमे-मांगाची सुरुवात करताय? या चुका टाळा

“सगळे म्हणतात म्हणून लावलं, पंधरा-वीस भाग पाहिले आणि कंटाळा आला.” ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट) आणि मांगा (जपानी चित्रकथा) यांकडे वळलेल्या नवख्यांची ही तक्रार फार ऐकू येते. मग ‘हे आपल्यासाठी नाहीच’ असं ठरवून माणसं कायमची दूर जातात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. बहुतेक वेळा मालिका चांगली असते, बघणाराही रसिक असतो. फक्त सुरुवात भलत्या ठिकाणाहून झालेली असते.

सगळ्यांत मोठ्या नावाला हात घालणं

एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही मांगा १९९७ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली. १९९९ पासून तिचं ॲनिमे चालू आहे आणि त्याचे भाग अकराशेच्या वर गेले आहेत. मालिका थोर आहे, पण पहिल्याच फेरीत तिच्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला हे माध्यम आवडतं की नाही, हे कळायच्या आतच तुम्ही दमाल.

दमण्याचं आणखी एक कारण म्हणजे फिलर. पूर्वी लोकप्रिय मांगाचं ॲनिमे वर्षभर दर आठवड्याला चालायचं. मांगाचं एक प्रकरण साधारण वीस पानांचं, त्यामुळे ॲनिमे भराभर पुढे सरकून मूळ कथेला गाठायचं. लेखकाला पुढचं लिहायला वेळ मिळावा म्हणून मग स्टुडिओ स्वतःच्या पदरचे भाग घालायचे. ‘नारुतो’च्या पहिल्या मालिकेत २२० भाग आहेत आणि १३६व्या भागापासून पुढचे जवळजवळ सगळे असेच आहेत. तिथे येऊन गाडी रुतली असेल, तर फिलरची यादी शोधा, ते भाग बिनधास्त गाळा आणि ‘शिप्पुदेन’ या पुढच्या मालिकेकडे वळा. कथेचं काहीही बिघडत नाही.

आता बऱ्याच मालिका बारा-तेरा भागांच्या हंगामांत येतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू होतो, त्यामुळे फिलर पुष्कळ कमी झाले आहेत. सुरुवातीला आटोपशीर काहीतरी घ्या. बुद्धीचा खेळ आवडत असेल तर ‘डेथ नोट’, ३७ भाग आणि कथा पूर्ण. शांत, हळवं काही हवं असेल तर ‘फ्रीरेन’चा पहिला हंगाम, २८ भाग. एका बैठकीत संपवायचं असेल तर हायाओ मियाझाकी यांचा २००१ चा चित्रपट ‘स्पिरिटेड अवे’. त्याला ऑस्कर मिळालं, पण मी तो सुचवतो त्याचं कारण वेगळं आहे: त्याच्याइतकं मोकळं दार या माध्यमाला दुसरं नाही.

‘कार्टूनच तर आहे’ म्हणून मुलांसमोर काहीही लावणं

ही चूक आपल्याकडे सर्रास होते आणि तिचे परिणाम घरात दिसतात. ‘शिनचॅन’चंच बघा. हिंदी डबिंगमधून तो आपल्या घराघरांत पोचला आणि मुलं त्याचं उद्धट बोलणं उचलतात म्हणून आईवडील वैतागले. पण योशितो उसुई यांची ही मूळ मांगा १९९० मध्ये ‘वीकली मांगा ॲक्शन’ या मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. वाचक प्रौढ पुरुष होते. शाळेत जायच्याही वयाची नसलेल्या पोरांसाठी ती लिहिलेलीच नव्हती.

उलट उदाहरणही तितकंच बोलकं आहे. १६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट जपानमध्ये जोडीने प्रदर्शित झाले. एक ‘माय नेबर टोटोरो’, जो चार वर्षांच्या मुलालाही दाखवावा. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, युद्धात पोरक्या झालेल्या भावाबहिणीची कथा. तो पाहून मोठी माणसंही गप्प होतात. स्टुडिओचं नाव बघून चित्रपट लावू नका, आधी वयाचं मानांकन बघा.

इथेच शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ या लेबलांबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं शोनेन म्हणजे मारामारी आणि शोजो म्हणजे प्रेमकथा. प्रत्यक्षात ती कथा कोणत्या वाचकवर्गाच्या मासिकात छापली गेली, एवढंच ते लेबल सांगतं: अनुक्रमे किशोर मुलगे, किशोर मुली, प्रौढ पुरुष, प्रौढ स्त्रिया. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि त्यांनी वडील, बहीण, धाकटा भाऊ गमावले. त्या अनुभवावर बेतलेली ‘बेअरफूट गेन’ १९७३ मध्ये ‘शोनेन जंप’मध्येच सुरू झाली. मुलांच्या साप्ताहिकात एवढं जळजळीत वास्तव! लेबलावरून विषय ठरवला तर अशी कामं हातातून निसटतात.

क्रम चुकणं

‘डीमन स्लेयर’चे पहिले २६ भाग संपले, दुसरा हंगाम लावला आणि मध्येच काहीतरी घडून गेल्यासारखं वाटतंय? तुमचा ‘मुगेन ट्रेन’ राहिला आहे. २०२० चा हा चित्रपट जोडकथा नाही, पहिल्या हंगामानंतरची पुढची कथाच आहे. नंतर तीच सात भागांत टीव्हीवर आली, त्यामुळे दोन्हींपैकी एक पुरे.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा घोळ निराळा. हिरोमु अराकावा यांची मांगा अर्धवट असतानाच २००३ चं ५१ भागांचं ॲनिमे आलं आणि त्याने स्वतःचा शेवट रचला. २००९ चं ‘ब्रदरहुड’, ६४ भाग, मांगाला धरून चालतं. एकानंतर दुसरं असा हा क्रम नव्हे. माझ्या मते ‘ब्रदरहुड’ने सुरू करावं आणि आवडलं तर जुनं जरूर बघावं, त्याची उदासी वेगळीच आहे.

आणि कथा ऐन रंगात आली असताना ॲनिमेच थांबलं तर? पुष्कळ मालिका मुळात मांगाचा खप वाढावा म्हणून काढलेल्या असतात, दुसरा हंगाम येईलच असं नसतं. वाट बघत बसू नका. ॲनिमे कोणत्या प्रकरणापाशी थांबलं ते शोधा आणि तिथून मांगा वाचा.

मांगा उलटी वाचणं

संवादांचा मेळ बसत नसेल तर तुम्ही डावीकडून वाचताय. पान उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचायचं, चौकटीतले संवादाचे फुगेसुद्धा तसेच. उजवीकडे एक उंच चौकट आणि डावीकडे दोन लहान असतील, तर आधी उंच, मग डावीकडची वरची, मग खालची. सुरुवातीच्या काही इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशातल्यासारखी उलटवून छापत, तेव्हा उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जायची. हल्ली मूळ दिशाच ठेवतात. ॲपवर वाचत असाल तर सेटिंगमधली पानं सरकण्याची दिशा तपासा, आणि जोडपानी चित्र आलं की फोन आडवा धरा.

चौकटींमधली जागा अचानक काळी झाली तर बहुतेक वेळा आठवण सुरू झालेली असते. हे माहीत नसल्यामुळे अनेकजण काळात गोंधळतात. आणि ज्या चौकटींत शब्दच नाहीत, नुसतं आभाळ, रिकामा रस्ता किंवा छपरावरचा पाऊस आहे, त्या झरझर ओलांडू नका. कथेचा वेग लेखक तिथेच सांभाळत असतो.

पहिली मांगा कोणती, असं कुणी विचारलं तर मी ओसामु तेझुका यांची ‘बुद्ध’ सांगतो. कपिलवस्तू, राजगृह ही नावं आपल्याला परकी नाहीत, त्यामुळे सगळं लक्ष चित्रांकडे देता येतं. तेझुकांनी त्यात कल्पित पात्रं मुबलक घातली आहेत, तेव्हा चरित्र म्हणून वाचू नका.

जपानी आवाज की डबिंग, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. सबटायटल वाचताना चित्र निसटत असेल तर हिंदी डबिंग लावा. मात्र चोरट्या साइट टाळा: तिथली भाषांतरं कच्ची, पानं गहाळ आणि लेखकाला छदामही नाही. शुएइशा या प्रकाशनाच्या ‘मांगा प्लस’वर अनेक मालिकांची सुरुवातीची आणि ताजी प्रकरणं इंग्रजीत अधिकृतपणे मोफत वाचता येतात. त्यातली तीन-चार चाळून बघा आणि जिचं चित्र आवडेल तिचा पहिला खंड विकत घ्या.