ओबी व्हॅन लावताना या चुका टाळा: आधी मान वर करा

विसर्जनाची रात्र. बेळगावात शनिवार खुटाच्या अलीकडे आमची ओबी व्हॅन, म्हणजे बातम्यांच्या थेट प्रक्षेपणाची गाडी, लावलेली, कानात ऑफिसातल्या डेस्कचं ‘दोन मिनिटांत तुमच्याकडे येतोय’ चाललेलं. मी मास्टचं, म्हणजे कॅमेरा उंच नेणाऱ्या टपावरच्या खांबाचं, बटण दाबलं. कॅमेरा वर सरकायला लागला आणि भज्यांच्या गाड्यावरची बाई ओरडली, “अहो, वर तार हाय की!” बटणावरचं बोट आपोआप सुटलं. मास्टचं टोक आणि तार यांच्यात जेमतेम हातभर अंतर होतं.

गाडीत आम्ही चौघे होतो. एकानेही वर बघितलं नव्हतं, आणि हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हता. आमचं कामच तसं आहे. प्रक्षेपणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, म्हणजे बेळगावातून ते दक्षिणेच्या आकाशातच सापडणार. त्यामुळे इंजिनिअर गाडी थांबायच्या आधीच दक्षिणेला झाड आडवं येतंय का, इमारत येतेय का ते बघतो. ड्रायव्हर आरशात मागे बघतो, कॅमेरामन मंडपाकडे, वार्ताहर मोबाईलमध्ये. डोक्यावरचं आकाश कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. ते एकाच्या नावावर लावा. आमच्याकडे आता ते काम ड्रायव्हरचं आहे: हँडब्रेक लावला की खाली उतरायचं, गाडीभोवती एक फेरी मारायची, मान वर करून. तो ‘हो’ म्हणेपर्यंत मास्ट आणि उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारी डिश दोन्ही बंद.

‘तारेला लागलं तर नाही ना?’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. उच्च दाबाच्या तारेला शिवावं लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. अमेरिकेत ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट, म्हणजे तीन मीटर, लांब राहण्याचा दंडक आहे. तिथेच मे २००० मध्ये, लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड भागात, एका वृत्तवाहिनीच्या व्हॅनचा मास्ट तारेच्या संपर्कात आला आणि गाडीतली वार्ताहर इतकी भाजली की तिचे अवयव कापावे लागले.

आपल्याकडे रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, तार जमिनीपासून निदान ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे. पण झोल पडलेला असतो, आणि डांबराचे थर चढून रस्ताही वर आलेला असतो. व्हॅन स्वतःच तीन मीटरच्या पुढे, वर डिश उघडली की चारच्या आसपास. गल्लीत उरतं किती, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. मी सोपं गणित वापरतो: मास्टची पूर्ण लांबी अधिक तीन मीटर. बारा मीटरचा मास्ट असेल तर गाडीभोवती पंधरा मीटर. त्या वर्तुळात कुठूनही तार जात असेल तर मास्ट उचलायचाच नाही. ‘थोडाच वर घेऊ’ हे वाक्य तर गाडीत चालवूनच घेऊ नका.

एवढं करूनही लागलं तर? आतल्यांनी आतच राहायचं. टायर रबराचे आहेत म्हणून गाडी सुरक्षित असं नाही. एक पाय गाडीत आणि दुसरा जमिनीवर पडला की वीज तुमच्यातून वाट काढते. बाहेरच्यांनी वाचवायला धावायचं नाही, गर्दी लांब ठेवायची, विजेच्या तक्रारीच्या १९१२ किंवा आपत्कालीन ११२ ला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. गाडीने पेटच घेतला तर मात्र दोन्ही पाय जुळवून उडी, हात गाडीला न लावता, आणि पुढे पाय न उचलता घसटत जायचं. मोठी पावलं टाकली तर दोन पायांखालच्या जमिनीतला विजेच्या दाबाचा फरकच जीव घेतो. हे वाचून येत नाही. एका रविवारी मोकळ्या मैदानात प्रत्येकाला गाडीतून तशी उडी मारायला लावा. लोक हसतील, हसू द्या.

पुराच्या रात्री

२०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी चढून महामार्ग बंद पडला, तो काळ इथल्या प्रत्येक टीमला आठवतो. धोका दिसतो पाण्यात. कल्लोळ-येडूरसारखा बंधारा पाण्याखाली असताना ‘गाडी जड आहे, जाईल’ म्हणून चाक घालणं हा वेडेपणा आहे आणि तो निदान सगळ्यांना कळतो. न दिसणारा धोका गाडीत असतो. बाहेर पाऊस, दारं-खिडक्या बंद, एसीसाठी जनरेटर चालू, आणि तिघं आत आडवे. धुराचं तोंड भिंतीशी किंवा ताडपत्रीखाली अडकलं की कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि दोन रात्री जागलेला माणूस ती थकव्याची झोप समजतो. एकाच वेळी दोघांचं डोकं दुखायला लागलं तर चहा शोधू नका, दार उघडून बाहेर पडा, जनरेटर बंद करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत कायमचा बसवा. आणि जनरेटर चालू असताना आत झोपायचं नाही, मग लॉजचं बिल ऑफिस देवो न देवो.

लहान वाटणाऱ्या गोष्टी: खानापूरकडच्या ओल्या तांबड्या मातीत जॅकखाली फळी द्या, नाहीतर गाडी कलते आणि सिग्नलही जातो. वळवाचा पहिला गडगडाट ऐकू आला की डिश मिटा. चालू डिशच्या तोंडासमोर कुणी उभं राहणार नाही एवढी दोरी बांधा. मिरवणुकीत पोरं टपावर चढतात, त्यामुळे शिडी काढून आत ठेवा. डिसेंबरात हलग्याला कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी गाड्या रांगेत लागतात तेव्हा एकमेकांच्या केबलींवरून चालणं टाळणं अवघड, निदान जोड ओल्या गवतात ठेवू नका.

ट्रेनिंग कुठून आणायचं?

नव्या माणसाला जुना शिकवतो, आणि जुन्याच्या चुकाही त्यात येतात. परदेशी माहितीपत्रकं चांगली आहेत, पण इंग्रजीत, आणि ज्याने वर बघायचं तो ड्रायव्हर ती वाचत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या लाइनमनला अर्धा तास बोलवा आणि कुठली तार कुठल्या दाबाची हे खांबाखाली उभं राहून विचारा. अग्निशमन दलाच्या जवानाकडून कुठली आग कशाने विझवायची ते शिका. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहण्याचा प्रथमोपचार, प्रत्येकाला आलाच पाहिजे, कारण शॉक लागलेल्याला रुग्णवाहिका येईपर्यंत तोच आधार.

आमच्या सीमाभागातली आणखी एक अडचण कुठल्याच पत्रकात नसते. ड्रायव्हर कन्नड बोलणारा, कॅमेरामन मराठी, डेस्कवरून हिंदी. धोक्याच्या क्षणी प्रत्येक जण आपापल्या भाषेत ओरडतो आणि समजायला एक सेकंद जास्त जातो. म्हणून आम्ही एकच शब्द ठरवला, ‘लाइन!’ तो तिन्ही भाषांत चालतो. कुणीही तो उच्चारला की बटणावरचा हात सुटलाच पाहिजे, मग ओरडणारा इंजिनिअर असो, ड्रायव्हर असो की भजी तळणारी बाई.