सांगलीत चारचाकी घेताय? आधी पाणी विचारा

मी मूळचा लातूरचा. २०१२ च्या जूनमध्ये कुपवाड एमआयडीसीत हिशेबाची नोकरी लागली म्हणून सांगलीत आलो. दोन वर्षं काढू म्हणत राहिलो तो इथलाच झालो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी जायला लागलं, तेव्हा चुलते फोनवर म्हणायचे, "तुझ्या सांगलीचं पाणी पिलो की रे आज." तीन वर्षांनी त्याच कृष्णेनं आम्हाला शामरावनगरच्या भाड्याच्या घरातून बाहेर काढलं. बोटीत बसताना आई म्हणाली, "ह्यातलं थोडं तिकडं का जात नाही?"

दरवर्षी मे-जूनमध्ये लातूर, नांदेड, परभणीकडची दोन-चार कुटुंबं बदली होऊन नाहीतर नोकरीनिमित्त इथं येतात आणि ओळखीतून ओळख काढत माझ्यापर्यंत पोचतात. खोली, शाळा, गॅस झाला की तिसऱ्या महिन्यात ठरलेला प्रश्न: "घरात पाच माणसं आहेत, गावाकडं येणं-जाणं आहे, एखादी बऱ्यापैकी सेडान घ्यावी म्हणतोय. नवी घेऊ का जुनी?" (सेडान म्हणजे मागं वेगळी डिक्की असलेली बुटकी चारचाकी.) प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी एक बारीक गोष्ट. इथं नुसतं "गाडी घेतली" म्हणालात तर समोरचा मोटारसायकलचं नाव विचारेल. चारचाकीला फोरव्हीलरच म्हणा.

सेडान का, हे मला विचारू नका. माझं मत ठरलेलं आहे. सगळ्या गावाला सध्या उंच, पांढरी एसयूव्ही पाहिजे. त्यामुळं चार-सहा वर्षांच्या सेडानला बाजारात फार कोणी विचारत नाही, आणि तोच आपला फायदा. त्याच पैशात मागं पाय पसरून बसता येतं आणि डिक्की खरोखरची मिळते. सियाझची डिक्की ५१० लिटरची, होंडा सिटीची ५०६, नव्या व्हर्नाची ५२८. गावाकडून येताना ज्वारीचं एक पोतं, तुरीची डाळ आणि चार बॅगा बसतात. जाताना तासगावचा बेदाणा आणि हळद. आईचे गुडघे दुखतात, तिला सेडानमध्ये खाली वाकून बसावं लागतं, ही तक्रार खरी आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस आधी बसवून आणि उतरवून बघा. शोरूमला एकट्यानं जाऊ नका.

नव्याचं गणित थोडक्यात सांगतो. सरकारच्या लेखी चार मीटर ही रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्या मोठ्या गाडीवर ४० टक्के. डिझायर ३९९५ मिलिमीटर आहे ती काही उगाच नाही. पाच मिलिमीटर राखून रेघेच्या आत बसवली आहे. व्हर्ना, सिटी, स्लाव्हिया, व्हर्टस या साडेचार मीटरच्या आसपासच्या, म्हणजे ४० टक्केवाल्या. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स: पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. अकरा लाखांची गाडी धरली तर टॅक्सच एक लाख बत्तीस हजार. दहाच्या वर गेलात की एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो रिटर्न भरताना वळता करता येतो, बरेच जण विसरतात. विमा धरून आकडा तेरा लाखांच्या आसपास जातो. म्हणून नवीच पाहिजे असेल तर मी डिझायर किंवा अमेझ बघा म्हणतो. २०२४ च्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत सुरक्षेचे पाच तारे आहेत. डिक्की ३८२ लिटरची, म्हणजे पोतं मागच्या सीटवर पोरांच्या पायाशी.

पण सांगलीत आल्या आल्या नवी घेऊच नका, हे माझं म्हणणं. कारण पैशाचं नाही, पाण्याचं आहे. पहिल्या वर्षी तुम्हाला माहीत नसतं की आपण भाड्यानं घेतलेलं घर कितव्या फुटाला बुडतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं पावसाळ्यात पेपरात सगळ्यात आधी येतात. शामरावनगरात नदी यायच्या आधी नुसत्या पावसानंच पाणी तुंबतं. तेरा लाखांची नवी चारचाकी अशा पार्किंगमध्ये लावून रात्री झोप लागत नाही. दोन पावसाळे बघा, घर पक्कं करा, मग नवीचं ठरवा. तोवर जुनी.

आणि जुनी घेतानाही तेच पाणी आडवं येतं. माझीच गोष्ट सांगतो. २०२० च्या दिवाळीच्या आधी, लॉकडाऊन उठल्यावर एसटीनं आईला न्यायची भीती वाटायची, म्हणून घाईनं एका डीलरकडून सहा वर्षांची डिझेल सेडान घेतली. नाव सांगत नाही, गाडीचंही नाही आणि डीलरचंही नाही. एमएच १२ पासिंग, "पुण्याच्या डॉक्टरची आहे साहेब, सिंगल हँड." जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. आतून शॅम्पूचा वास, रंग चकचकीत. मी नंबर बघितला, आरसी नीट वाचली नाही. मार्चपर्यंत ठीक चालली. मग एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेना. एका रात्री दीडच्या सुमाराला हॉर्न आपोआप वाजायला लागला, सगळी गल्ली गॅलरीत उभी.

शंभर फुटीवरच्या माझ्या मिस्त्रीनं, अण्णांनी, दाराखालची पट्टी काढली आणि कार्पेट उचललं. खालच्या फोमवर राखेसारखा बारीक गाळ होता, वाळून कोरडा झालेला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, ही पवून आलीया." मग मी घरी जाऊन आरसी काढली. दुसरा मालक, पत्ता सांगलीच्या गावभागातला, म्हणजे नदीकाठचा. सिंगल हँडही नव्हती आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती पुण्यातही नव्हती. वायरिंग बदलायचा खर्च ऐकून, घेणाऱ्याला सगळं सांगून, मिळेल त्या किमतीला दिली.

२०१९ च्या त्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं; तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैअखेर पुन्हा पूर आला. त्याच वर्षी कोल्हापूर आणि चिपळूणही बुडालं. म्हणजे बुडालेल्या गाड्या फक्त सांगलीत आहेत असं नाही. धुऊन-पुसून त्या कुठंही विकल्या जातात, कधी आपल्या लातूरलाही. त्यामुळं बघायला जाताना मी आता जे करतो ते सांगतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या टोकावर पाण्याची रेघ तशीच राहते. डिक्कीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. सीटच्या खाली, रुळांच्या बोल्टवर गंज आहे का ते मोबाइलच्या उजेडात बघा. पावसात भिजलेल्या बुटांनी बोल्ट एवढे गंजत नाहीत. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये तांब्यावर हिरवट-पांढरी पूड असेल तर तिथूनच परत फिरा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर जास्त वाईट, कोणीतरी तो बल्बच बंद केलाय. आणि अत्तराचा वास फार येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करा, खालचा वास वर येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरसीवरचे पत्ते आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ किंवा जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये मोठं बिल दिसलं, तर कशाचं ते विचारा. मालकाला घेऊन गेलात तर नोंद दाखवतात. मालक यायला तयार नसेल तर उत्तर मिळालंच.

बाकीचं, म्हणजे सकाळी इंजिन थंड असताना चालू करून बघणं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का, मीटर मागं केलंय का, रंग कुठं नवा मारलाय, हे तुमचा मिस्त्री बघेल. त्याला पाचशे-हजार द्या, पण विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नको.

आमची आताची सियाझ २०१९ च्या मार्चची, दीड लिटर पेट्रोल. मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांकडून २०२२ मध्ये पितृपंधरवड्यात घेतली. त्या पंधरा दिवसांत कोणी गाडी घेत नाही, भाव बसून बोलता येतो. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, मग घटस्थापनेला नारळ फोडून प्रश्न मिटला. सियाझ २०२५ मध्ये बंद झाली तरी मला काळजी नाही, कारण तेच इंजिन एर्टिगात होतं, सामान गल्लीबोळात मिळतं. बघताना एक लक्षात ठेवा: २०१८ च्या ऑगस्टनंतरच्या पेट्रोल सियाझमध्ये पुढच्या डाव्या सीटखाली लिथियमची छोटी बॅटरी असते. पाणी तिथं फार लवकर पोचतं.

डिझेलच्या मोहात पडू नका. विश्रामबाग ते कुपवाड असं रोजचं आठ-दहा किलोमीटर चालवून डिझेलचे जादा पैसे वसूल होत नाहीत, आणि २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला छोट्या फेऱ्यांत धुराचा फिल्टर चोंदायचा त्रास वेगळा. पेट्रोलमध्येही एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ती सहसा २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेली नसते. रबरी पाइप बघून घ्या, ॲव्हरेज थोडं कमी धरा. गंमत म्हणजे इथल्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतं, आणि त्याच उसाच्या ट्रॉल्या रात्री आपल्याला आडव्या येतात.

कागदांचं सांगतो. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, लातूरचा एमएच २४ आहे तसा चालतो. दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी मागून घ्या. कर्नाटकातली स्वस्त मिळते म्हणून घ्याल तर इथला टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो धरून भाव करा. कर्ज असेल तर बोजा उतरल्याशिवाय विसाराच्या पलीकडं पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन "ट्रान्सफर नंतर करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात, आधी भरायला लावा. २०१९ च्या एप्रिलआधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का बघा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही.

कर्जाचं नव्या माणसाला एक दुखणं असतं. जुन्या गाडीला बँका व्याज जास्त लावतात, म्हणून लोक पतसंस्थेत जा म्हणतात, आणि तिथं स्थानिक जामीनदार मागतात. नव्यानं आलेल्याला कोण जामीन राहणार? माझ्या वेळी ऑफिसातले दोघं राहिले, त्यासाठी आठ वर्षं लागली होती. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथं आधी विचारा.

रस्त्याबद्दल थोडं. सेडान खालून लागते, हे खरं. सियाझचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, १७० मिलिमीटर, सिटीचा १६५, स्लाव्हिया-व्हर्टसचा १७९. पण हे आकडे रिकाम्या गाडीचे. गावोगावी लोकांनी घरच्या घरी घातलेले गतिरोधक आहेत, त्यांना माप नाही. म्हणून घ्यायच्या आधी घरची सगळी पाचजणं बसवून हरिपूरपर्यंत एक फेरी मारा. कुठं घासतंय ते ऐकू येतं. ऊस सुरू झाला की नोव्हेंबर ते मार्च रात्री निघू नका. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि अंधारात ऊस रस्त्याच्या रंगाचाच दिसतो. मिरजेहून कवठेमहांकाळ, सोलापूर, तुळजापूर करत लातूर गाठायचं तर पहाटे पाचला निघा.

विम्यात इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलात, पाणी इंजिनात ओढलं गेलं आणि इंजिन बसलं, तर साधा विमा त्याचे पैसे देत नाही. म्हणून बंद पडली तर चावीला हात लावू नका, ढकलत नाहीतर ओढून न्या.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या माणसांसारखं बोलायला शिका: "आयर्विन किती झालं? कोयनेतून किती सोडलं?" चाळीस फूट ही इशारा पातळी. आम्ही तोवर थांबत नाही, पस्तीसला पाणी चढतं दिसलं की सखल भागातल्या गाड्या विश्रामबाग, मिरजेकडं उंचावर आणून लावतात. मी आता विश्रामबागेत राहतो. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून दोन गाड्या बसतात, त्या दरवर्षी आपल्याच लोकांच्या असतात. तिसऱ्यानं फक्त आदल्या दिवशी फोन करून यावं.