बाबांचे कान तपासायला नेण्याआधी

शुगरच्या पेशंटचे डोळे तपासतात, पाय तपासतात, किडनीसाठी लघवी तपासतात. कान राहून जातात. माझ्या बाबांचेही राहिले. "मला बरोबर ऐकू येते, तुम्हीच हळू बोलून राहिले," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात आम्हीही सगळा दोष कूलरच्या घरघरीला दिला. मग डॉक्टरांनी इन्सुलिन 'सात' युनिट सांगितलं, बाबांनी ऐकलं 'आठ'. शब्दातला 'स' त्यांच्या कानापर्यंत पोहोचलाच नव्हता. 'स', 'श', 'फ' हे बारीक सुरांचे आवाज. ऐकणं कमी होतं तेव्हा बहुतेकदा तेच आधी हरवतात.

वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांना जशी इजा करते, तशीच आतल्या कानाच्या रक्तवाहिन्यांना आणि नसांना करू शकते. अमेरिकेत 2008 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहींमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलं. म्हणून घरचे 'वय झालं' म्हणत असले, तरी तपासणी लावाच.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग आहे. सकाळी लवकर निघा. मे महिन्यात दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करणं बरं नाही. आणि उपाशी नेऊ नका. आमच्या घरी 'तपासणी' म्हटलं की रिकाम्या पोटी, असाच समज. ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला, उपास लागत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि अगदी हलकी 'टीं' ऐकू आली तरी बटण दाबायचं, एवढंच काम. पण लक्ष एकवटावं लागतं. साखर उतरलेला, घामाघूम झालेला माणूस ते कसं करणार? नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी वेळेवर द्या. पिशवीत पाणी, बिस्किटं आणि साखर ठेवा.

आदल्या दिवशी कानांना शांतता हवी. मारबतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या डीजेसमोर उभं राहून आलेल्या माणसाचं ऐकणं काही काळ मंद असतं, रिपोर्टही तसाच येतो. अशा दिवसाला लागून तारीख घेऊ नका.

मळ असेल तर घरी काढू नका, हे हात जोडून सांगते. बड, पिन, लसूण घालून कोमट केलेलं तेल, काहीच नको. मधुमेहात कानाच्या नळीला झालेली छोटी जखम चिघळून संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टर मळ काढणार असतील तर आधी शुगर आहे म्हणून सांगा, म्हणजे पाण्याने कान धुवायचा की दुसऱ्या रीतीने, ते ते ठरवतील. कान रात्री ठणकत असेल, पू येत असेल, तर तारखेची वाट पाहू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. त्यावर स्टेरॉइड देतात, त्याने साखर वाढते, म्हणून शुगरच्या डॉक्टरांनाही कळवा.

फाइलमध्ये एचबीए1सीचे, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी हवी. पूर्वी जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं दिली असतील तर आवर्जून सांगा, ती कानाला बाधू शकतात. सोबत रोज घरात वावरणारं माणूस न्या. टीव्हीचा आवाज कितीवर असतो, नातवाचं फोनवरचं बोलणं कळतं का, कुकरची शिट्टी चुकते का, हे आईने सांगितलं. बाबा तर 'सगळं ठीक' म्हणून मोकळे झाले होते.

ऑडिओग्रामची, म्हणजे या तपासणीच्या आलेखाची, एक प्रत शुगरच्याच फाइलमध्ये लावा, पुढच्या तपासणीला ताडून बघता येईल. आणि त्या दिवसापासून इन्सुलिनचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या. आमच्याकडे तो आता फ्रिजच्या दारावर, आईच्या मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे: सकाळी 7.