ऑफ-रोड गाडीला जादा लाइट लावताय? या चुका टाळा

जादा लाइट बसवल्यानंतरच्या तक्रारी साधारण दोनच असतात. ‘एवढे वॉट आहेत, तरी पुढचं नीट दिसत नाही’ ही एक. ‘परवापर्यंत लागत होते, आता लागत नाहीत’ ही दुसरी. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा निवडीत किंवा बसवण्याच्या जागेत सापडतं, दुसरीचं वायरिंगमध्ये. लाइटवरच संशय घ्यायचा असेल, तर तो सगळ्यात शेवटी घ्यावा.

ल्युमेनचा आकडा बघून खरेदी

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो, हे त्यावरून कळत नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा पुष्कळदा एलईडी चिपच्या कागदी क्षमतेचा असतो. लेन्समध्ये आणि उष्णतेमुळे जो प्रकाश वाया जातो, तो त्यातून वजा केलेला नसतो.

लांबचं दिसण्याशी संबंध आहे कँडेलाचा, म्हणजे झोत एका दिशेने किती प्रखर आहे त्याचा. ४०,००० कँडेलाचा झोत २०० मीटरवर १ लक्स (जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश देतो. तेवढाच प्रकाश ४०० मीटरवर हवा असेल, तर १,६०,००० कँडेला लागतात. अंतर दुप्पट, तर झोत चौपट प्रखर हवा. म्हणूनच एका फोकसशेजारी तसाच दुसरा लावला की पल्ला दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होतो. पल्ल्याचा दावा वाचताना तो किती लक्सला मोजलाय तेही बघा. काही उत्पादक ०.२५ लक्सचं अंतर छापतात. हा प्रकाश साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो, आणि तोच लाइट १ लक्सच्या हिशोबाने निम्म्याच अंतराचा ठरतो.

वेग न बघता झोत निवडणं

खडकाळ उतारावर गाडी ताशी १०-१५ किमीने उतरते, तेव्हा ३०० मीटरवरचं झाड दिसून काही उपयोग नाही. तिथे चाकाजवळचा दगड, वळणाच्या आतली बाजू आणि चरीची कड दिसायला हवी. त्यासाठी फ्लड, म्हणजे ६० अंश किंवा त्याहून रुंद झोत लागतो. बोनेटच्या बिजागरीपाशी लावलेले, ३० ते ४५ अंश बाहेर वळवलेले छोटे साइड लाइट या कामाला सगळ्यात उपयोगी. याउलट मोकळ्या कच्च्या रस्त्यावर गाडी ताशी ८० किमीने धावत असेल, तर ती सेकंदाला २२ मीटर कापते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ३० मीटरहून जास्त अंतर गेलेलं असतं. पुढे सुट्या खडीवर थांबायला आणखी साठेक मीटर लागतात. म्हणजे शंभर मीटरच्या पलीकडचं दिसलंच पाहिजे, आणि ते काम स्पॉटचं, म्हणजे अरुंद, लांब जाणाऱ्या झोताचं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘जितका उजेड तितकं बरं’ या समजुतीने. गाडीपुढची पहिली १५-२० मीटर जमीन लख्ख उजळली की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार जास्तच काळा वाटतो. लाइट बार (एलईडींची लांब पट्टी) लावल्यावर उलट कमी दिसतंय असं वाटतं, त्याचं कारण हेच. फ्लड आणि स्पॉट वेगवेगळ्या स्विचवर ठेवा आणि वेग वाढला की फ्लड बंद करा. दोन्ही एकाच स्विचवर जोडले की हा उपायच हातात राहत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसा प्रकाश निळसर. ६,००० केल्विनच्या वरचा निळसर प्रकाश ओल्या जमिनीवर आणि धुळीत डोळ्याला त्रास देतो, तेव्हा ४,००० ते ५,००० केल्विन पुरे. पिवळा लाइट धुकं ‘भेदतो’ असं सर्रास सांगितलं जातं, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्याला होणारी चकाकी कमी जाणवते, एवढंच. धुक्यात खरं काम करते ती लाइटची खालची जागा आणि झोताची वरून कापलेली कड.

टपावरचा बार

फोटोत तो छान दिसतो. पण टपावरून निघालेला प्रकाश बोनेटवर आणि काचेवर पडून थेट डोळ्यात येतो, गाडीच्या नाकापुढे बोनेटची सावली पडते, आणि धूळ किंवा पाऊस असला की समोर पांढरी भिंत उभी राहते. फांदी आधी त्यालाच लागते, वेग वाढला की शिटीसारखा आवाजही तोच करतो. बसवायचाच असेल, तर काचेच्या वरच्या कडेपासून मागे सरकवा, खाली पट्टी लावून बोनेटकडे जाणारा प्रकाश अडवा, बोनेट चकचकीत असेल तर त्यावर काळी मॅट फिल्म लावा. पुढच्या गाडीची धूळ येत असेल, तेव्हा तो बंदच ठेवा आणि बंपरवरच्या लाइटवर चालवा.

बंपरवर लावताना तीन गोष्टी राहून जातात. मोठे गोल फोकस रेडिएटरसमोर आले, तर हवा अडते आणि चढावर इंजिनाचं तापमान वाढतं. पार्किंग सेन्सर किंवा रडार त्यांच्या आड आलं, तर डॅशबोर्डवर इशारे सुरू होतात. आणि पातळ पत्र्याचा ब्रॅकेट थरथरला की झोतही थरथरतो, मग काही दिवसांत ब्रॅकेट वाकावर चिरतो. किमान ३ मिमी जाडीचा ब्रॅकेट, नायलॉकचे (थरथरीने ढिले न होणारे) नट आणि लांब बारला टोकांखेरीज मध्येही आधार द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेस बोल्ट घालताना अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर पुढे बोल्ट निघत नाही, तुटतो.

झोत अंदाजाने लावणं

नेहमीचं सामान गाडीत ठेवा, टायरची हवा तपासा, सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर आखा. स्पॉटचा सगळ्यात तेजस्वी भाग त्या रेषेवर किंवा ५-१० सेंमी खाली हवा. १० मीटरवर १० सेंमी म्हणजे १ टक्का उतार. रिकाम्या गाडीत झोत जुळवला आणि मग मागे सामान भरलं, की नाक वर जातं आणि झोत झाडांच्या शेंड्यांवर पडतो. फ्लड याहून खाली झुकवा.

वायरिंग: खरा गोंधळ इथे

हेडलाइटच्या वायरला टाका मारून नवा लाइट जोडणं ही सगळ्यात जुनी चूक. ती वायर आणि तो स्विच तेवढ्या करंटसाठी बनलेलेच नसतात. ५५ वॉटच्या हॅलोजनची जोडी ११० वॉटची, १२ व्होल्टला सुमारे ९ अँपियर. २४० वॉटचा बार २० अँपियर ओढतो. एवढा करंट रिलेतूनच, म्हणजे छोट्या करंटने चालणाऱ्या मोठ्या स्विचमधूनच, जायला हवा.

चार पिनांच्या रिलेची जोडणी अशी: बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमार्गे ३०, लाइटकडे ८७, स्विचकडून ८६, अर्थला (गाडीच्या पत्र्याला) ८५. पाच पिनांच्या रिलेत मधली ८७ए ही पिन रिले बंद असताना जोडलेली असते. लाइट चुकून तिच्यावर गेला, तर स्विच बंद केल्यावर लाइट लागतो! रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

स्विचचा सप्लाय चावी ‘ऑन’ असतानाच मिळणाऱ्या वायरवरून घ्या. थेट बॅटरीवरून घेतला आणि स्विच चालू राहिला, तर दिवे निकामी असले तरी रिलेची कॉइल सुमारे ०.१५ अँपियर खातच राहते. दहा दिवसांत ३६ अँपियर-तास, म्हणजे ६० अँपियर-तासांच्या बॅटरीचा निम्म्याहून जास्त साठा. लांबच्या झोताचा ट्रिगर (रिले चालू करणारी वायर) अप्परवर घेतला, तर समोरून गाडी आल्यावर डिपर देताच सगळं एकदम विझतं. सार्वजनिक रस्त्यावर हे लाइट बंद आणि शक्यतो झाकलेले ठेवायचे असतात, त्यामुळे एक वेगळा मुख्य स्विचही हवाच. नव्या गाड्यांत अप्परच्या वायरवर सलग १२ व्होल्ट नसून तुटक पल्स असतात, तिथे रिले कडकड वाजतो. अशा गाडीत ट्रिगरसाठी कॅन-बस मॉड्यूल (गाडीच्या संगणकाचे संदेश वाचणारा डबा) वापरा. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावाच.

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, लाइट वाचवण्यासाठी नव्हे. म्हणून तो बॅटरीपासून १५-२० सेंमीच्या आत लावा. लाइटजवळ लावलेल्या फ्यूजमागची सगळी वायर संरक्षणाविना राहते आणि बोनेटखाली ती घासली, तर आग लागते. ९ अँपियरच्या जोडीला १५ चा फ्यूज आणि २.५ चौरस मिमी वायर, २० अँपियरच्या बारला २५ चा फ्यूज आणि ४ चौरस मिमी वायर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका.

बारीक वायरने काय होतं, त्याचा हिशोब बघा. जाऊन-येऊन ६ मीटर, १ चौरस मिमी तांब्याची वायर, ९ अँपियर: जवळपास १ व्होल्ट वायरमध्येच जातो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो, म्हणजे उजेडाचा पाचव्याहून जास्त हिस्सा गेला. २.५ चौरस मिमीत हीच घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. एलईडीचा उजेड लगेच कमी होत नाही, पण त्याचा ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढतो आणि वायर आणखी तापते.

अर्थसाठी रंग खरवडून उघडा पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, जोडल्यावर वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल, तर अर्थ त्या टर्मिनलवर न घेता चॅसिसवर घ्या. तसं न केल्यास गाडीला बॅटरीचा हिशोब चुकीचा मिळतो. सांधे क्रिंप करून (पकडीने दाबून) त्यावर गोंदाची श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसता सोल्डर केलेला सांधा थरथरीने कडेला तुटतो, आणि पिळून टेप गुंडाळलेल्या सांध्यात पहिल्याच पावसात पाणी शिरतं. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवा.

पाणी, चिखल, उष्णता

आयपी हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, त्यात प्रेशर वॉशरचा मारा येत नाही. त्यासाठी आयपी६९के बघा. ओढा ओलांडण्याआधी लाइट बंद करून थोडे गार होऊ द्या. तापलेला लाइट थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हॅलोजनची काच तर तडकूही शकते. एलईडीच्या मागच्या पात्यांत चिखल वाळला, तर उष्णता बाहेर पडत नाही आणि चांगला लाइट स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

बिघाड शोधताना

लाइट अजिबात लागत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिलेचा ‘टक’ आवाज ऐका. आवाज येत नसेल, तर ८६ वर १२ व्होल्ट येतात का आणि ८५ अर्थला नीट जोडलाय का ते पाहा. आवाज येतो पण लाइट नाही, तर ३० आणि ८७ वरचं व्होल्टेज मोजा. ८७ वर आहे आणि लाइटपाशी नाही, तर वायर तुटलेली. लाइटपाशीही आहे, तर अर्थ तपासा; तोही ठीक असेल, तर लाइटच गेलेला.

उजेड मंद असेल, तर लाइट चालू ठेवूनच मोजा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून लाइटच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट नको, निगेटिव्हच्या बाजूला ०.२ पेक्षा जास्त नको. बंद लाइटवर घेतलेलं माप नेहमी ठीकच येतं आणि भलतीकडे घेऊन जातं.

चालू करताच फ्यूज उडतो: वायर कुठेतरी घासून पत्र्याला लागलेली, किंवा दिवा असलेल्या तीन पिनी स्विचमध्ये अर्थ आणि लाइटच्या पिना उलट जोडलेल्या. फक्त खड्ड्यांत उडतो: घासलेली वायर हलली की टेकते. एलईडी लुकलुकतो: अर्थ ढिला, किंवा ट्रिगर पल्सवर. स्विच बंद असून मंद उजेड राहतो: इलेक्ट्रॉनिक स्विच पॅनेलमधून थोडा करंट गळतोय. लाइट लावल्यावर रेडिओत खरखर येते: ड्रायव्हरचा गोंगाट, अँटेनाची वायर लाइटच्या वायरपासून दूर न्या आणि लाइटच्या वायरवर फेराइट क्लिप (गोंगाट शोषणारं कडं) चढवा. बारमधला एकच सलग पट्टा काळा पडला असेल, तर मात्र दोष बारचाच. बहुतेक बार उघडून दुरुस्त करण्यासारखे नसतात, आणि उघडला तर सील पुन्हा तसं बसत नाही.