जुन्या मोटारीचे कर्ज विक्रेत्यामार्फत घेताना ‘नऊ टक्के’ कसे वाचावेत

जुनी मोटार घ्यायला गेलेल्या माणसाला विक्रेत्याच्या टेबलावर बहुधा पहिला प्रश्न येतो, तो “महिन्याला हप्ता किती झेपेल, साहेब?” हा. या प्रश्नाचे उत्तर देऊ नये. हप्त्याचा आकडा एकदा तोंडातून गेला, की गाडीची किंमत, व्याजाचा दर, मुदत आणि वरचे किरकोळ खर्च हे सारे त्या आकड्यात बसेल अशा बेताने मागेपुढे सरकवता येते, आणि आपल्याला मात्र हवा तोच हप्ता मिळाल्याचे समाधान राहते. म्हणून आधी गाडीची रोखीची किंमत ठरवून ती लेखी घ्यावी आणि कर्जाचा विषय त्यानंतरच काढू द्यावा.

विक्रेता स्वतः कर्ज देत नाही. तो तुमची फाइल एखाद्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे पाठवतो आणि कर्ज मंजूर झाले की त्यांच्याकडून त्याला कमिशन मिळते, ज्याला या धंद्यात ‘पेआउट’ म्हणतात. यात बेकायदा काही नाही. परंतु ज्या संस्थेचे पेआउट जास्त, तिचे कर्ज तुम्हाला स्वस्त पडेलच असे समजण्याचे कारण नाही. तेव्हा गाडी पाहायला जाण्यापूर्वी आपले पगाराचे खाते असलेल्या बँकेत जुन्या गाडीसाठीचा दर विचारून तो लिहून आणावा.

सर्वांत मोठी फसगत होते ती ‘फ्लॅट’ दरात. माझ्या आतेभावाला एका विक्रेत्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे निळ्या पेनाने लिहून दिले होते: ‘४ लाख, ९ टक्के, ४८ महिने, हप्ता ११,३३३’. नऊ टक्के पाहून तो खूश झाला, कारण त्याच्या बँकेने साडेतेरा टक्के सांगितले होते. कार्डावरचा हिशेब असा होता: ४ लाखांचे ९ टक्क्यांनी वर्षाला ३६,००० रुपये, चार वर्षांचे १,४४,०००, मुद्दल धरून ५,४४,०००, भागिले ४८. यात प्रत्येक वर्षीचे व्याज पूर्ण ४ लाखांवर लावलेले आहे, आणि प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत जाते. घटत्या शिलकीवर, म्हणजे ‘रिड्यूसिंग’ पद्धतीने, हाच हप्ता मांडला, तर दर निघतो सुमारे १६ टक्के. म्हणजे त्याने महाग म्हणून सोडलेले बँकेचे कर्ज अडीच टक्क्यांनी स्वस्त होते. “दर फ्लॅट आहे की रिड्यूसिंग?” एवढा एक प्रश्न त्याने विचारला नव्हता, आणि कार्डावर तो शब्द लिहिलेला नव्हता.

गोष्ट इथे थांबत नाही. प्रक्रिया शुल्क, कागदपत्र शुल्क, गाडीचे मूल्यांकन, कर्जाला जोडलेला विमा अशा नावांनी त्याच्या कर्जातून २७,००० रुपये आधीच कापले गेले; गाडीपोटी ३,७३,००० रुपयेच पोचले आणि हप्ता मात्र ४ लाखांवरचाच राहिला. हे कापलेले पैसे धरून दर काढला, तर तो २० टक्क्यांच्या जवळ जातो. हा हिशेब कोणालाही करता येतो. मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ नावाचे सूत्र असते; त्यात हप्त्यांची संख्या ४८, हप्ता उणे ११,३३३ आणि हाती आलेली रक्कम ३,७३,००० भरावी आणि उत्तराला १२ ने गुणावे. विक्रेत्यासमोर बसूनच हे केले तर संभाषणाचा सूर लगेच बदलतो, असा माझा अनुभव आहे.

हाच आकडा छापील स्वरूपात मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला समजेल अशा भाषेत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य तपशिलाचे पत्रक, देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे ‘एपीआर’, द्यावा लागतो, आणि तिऱ्हाइतासाठी वसूल केलेला विमा व तत्सम खर्चही त्या दरात धरावे लागतात. या पत्रकात न दाखवलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही. शिवाय सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाच्या बाबतीत हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवावे लागते. त्यामुळे “आज सही केली तरच हा दर” हे वाक्य ऐकले, की पत्रक मागावे आणि घरी घेऊन जावे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, तेव्हा तिथे हाच तपशील स्वतःहून लेखी मागून घ्यावा लागतो.

मुदत वाढवून हप्ता कमी करून देणे ही तर नेहमीची युक्ती. १६ टक्के दराने ४ लाखांची मुदत ४८ वरून ६० महिने केली, तर हप्ता सुमारे १,६०० रुपयांनी उतरतो आणि एकूण भरणा जवळपास ४० हजारांनी चढतो. आठ वर्षे वापरलेल्या गाडीवर आणखी पाच वर्षे हप्ते भरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पहिला हप्ता आगाऊ कापून व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावणे, किंवा पैसे प्रत्यक्ष देण्याच्या आधीच्या तारखेपासून व्याज धरणे, या दोन्ही प्रकारांवर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बोट ठेवले आहे. पैसे विक्रेत्याच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा झाले ते विचारून घ्यावे, आणि व्याज त्या तारखेपासूनच सुरू झाले आहे ना, हे परतफेडीच्या तक्त्यावर पडताळावे.

मुदतीपूर्वी फेड करण्याचा विचार असेल, तर त्या कलमावर बोट ठेवून वाचावे. वरच्याच ४८ महिन्यांच्या कर्जात २४ हप्ते भरून झाल्यावर निम्मे, म्हणजे २ लाख उरले असतील असे वाटते. प्रत्यक्षात मुद्दल सुमारे २ लाख ३१ हजार बाकी असते आणि त्यावर फोरक्लोजर, म्हणजे मुदतपूर्व फेडीचे, शुल्क वेगळे. मुदतपूर्व फेडीच्या शुल्कातून रिझर्व्ह बँकेने अलीकडे दिलेली सवलत बदलत्या दराच्या कर्जांना आहे, आणि जुन्या गाड्यांची कर्जे बहुधा स्थिर दराची असतात.

सही करताना कोऱ्या जागा राहू देऊ नयेत, विशेषतः करारातील दर व मुदतीचा रकाना आणि बँक खात्यातून हप्ता वळता करण्याच्या मँडेटमधील कमाल रक्कम. विमा नको असेल तर तसे अर्जावरच लिहावे. गळ्यात पडलाच असेल, तर जीवन विम्याच्या पॉलिसीला ३० दिवसांची ‘फ्री-लूक’ मुदत असते, तिच्यात ती परत करता येते. कराराची प्रत सर्व जोडपत्रांसह त्याच वेळी मागावी.

काही बिनसल्यास आधी कर्जदात्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विक्रेत्याने तोंडी एक सांगून कागदावर दुसरेच लिहिले असेल, तर मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक सल्ला मिळतो. माझ्या आतेभावाच्या फाइलमध्ये त्या व्हिजिटिंग कार्डाखेरीज काहीच लेखी नव्हते, आणि तेही त्याने टाकून दिले होते.